दोन ते चार

२ मार्च, सोमवार

ही डायरी खरं तर माझी नाही. शनिवारी निरोप-समारंभात कारखान्याने ह्यांना तीन वस्तू दिल्या: एक बॅग, एक भिंतीवरचं घड्याळ आणि ही. बॅग घेऊन जायला आता कुठे ठिकाण नाही, म्हणून ती माळ्यावर गेली. घड्याळ निवडणाऱ्यांनी फार डोकं चालवलं असणार. ज्या माणसाने छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे सेकंद मोजले त्याला निरोपाला घड्याळ! आणि डायरी ह्यांनी माझ्यापुढे सरकवली. "तू ठेव. मला आता लिहिण्यासारखं काही नाही."

जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरीच राहणार. आमच्या शाळेत कोरं पान फुकट घालवलं की सिस्टर फक्त चष्म्यावरून बघायच्या. तेवढ्यावर आठवडाभर झोप लागायची नाही.

हे पंख्यांच्या कारखान्यात वेळ-पाहणी अधिकारी होते. म्हणजे पंखा बनवायचा दुसऱ्याने. ह्यांनी त्याच्या पाठीमागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, त्याला किती वेळ लागतो ते लिहायचं आणि मग तेच काम कमी वेळात कसं होईल ते त्याला समजावून सांगायचं. कामगार ह्यांना 'सेकंदसाहेब' म्हणत. अर्थात मागून. समोरून हात जोडत.

आज घरातला पहिला सोमवार. नऊ वाजता बूट-मोजे घालून खुर्चीत बसले. साडेनऊला बूट काढले. दहाला स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"तू एवढ्या खेपा का घालतेस गं?"

"कसल्या खेपा?"

"बेसिनपासून शेगडीपर्यंत. सकाळपासून सतरा झाल्या."

३ मार्च, मंगळवार

कारखान्याचं स्टॉपवॉच कारखान्याला परत गेलं, पण ह्यांचं स्वतःचं एक आहे. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचं. म्हणजे संबंध माझ्यापेक्षा जुना. आज ते कपाटातून निघालं. सोबत चिमटा लावलेला पुठ्ठा आणि तासून टोक काढलेल्या दोन पेन्सिली.

"तू माझ्याकडे लक्ष देऊ नकोस," म्हणाले. "मी इथे नाहीच असं समज."

लग्न झाल्यापासून तेच तर समजत आले.

मी चहा करायला घेतला आणि मागून टिक् असा आवाज झाला. काय झालं कोण जाणे, माझ्या अंगात वारं शिरलं. शाळेत परीक्षेची घंटा झाली की असंच व्हायचं. दूध, कप, गाळणं, कुठला हात कुठे गेला कळलं नाही. पुन्हा टिक्. सहा मिनिटं चाळीस सेकंद. ह्यांनी पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "वेग एकशे पंधरा."

साधारण हाताचा वेग शंभर धरतात म्हणे. छत्तीस वर्षांत कारखान्यात एकशे पंधरा फक्त चौघांना मिळाला. मी वरवर म्हटलं, "पुरे तुमचं." पण चांगल्या वर्तनाची निळी फीत पहिल्यांदा लावली होती तेव्हा जशी मान ताठ झाली होती, तशीच आजही झाली. या वयात. चहासाठी.

५ मार्च, गुरुवार

भाजी चिरणे: वेग एकशे अठरा. भांडी: एकशे वीस. चादरी बदलणे: एकशे बावीस. झाडताना एक कप फुटला, तो पुठ्ठ्यावर 'अपघात: १' म्हणून वेगळा लिहिला गेला.

कंबर मोडली आहे. पण आजवर माझ्या कामाला कुणी आकडा दिला नव्हता. "छान झालंय" एवढंही वर्षातून दोनदा, तेही पाहुणे ऐकत असताना.

सगळ्याची बेरीज करून हे म्हणाले, "या घराचं दिवसाचं एकूण काम चार तास दहा मिनिटं. फक्त!"

कागद फ्रिजवर लावला. मी येता-जाता वाचते आहे.

६ मार्च, शुक्रवार

मुलाचा फोन आला.

"आई, बाबांनी आकडे पाठवले. कमाल आहेस तू! चार तास दहा मिनिटं?"

"हो ना," मी म्हटलं. आवाजात किती साखर होती ते आता आठवून लाज वाटते.

"मग ठरलंच समज. तिथे तुम्ही दोघं चार तासांच्या कामासाठी अख्खं घर अडवून बसलायत. इकडे या. हिची नोकरी आहे, माझी आहे, पोरं दीडला शाळेतून येतात आणि बघायला कुणी नाही. तुला काय, वेळच वेळ. महिनाअखेर घरमालकाला सांगून टाकू. आम्ही एकोणतीसला येतो, तेव्हा पक्कं करू."

मी विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"बाबा म्हणाले, आकडे काय सांगतात ते बघू. आकडे तर सांगतायत!"

फोन ठेवला आणि फ्रिजसमोर उभी राहिले. एकशे पंधरा, एकशे अठरा, एकशे वीस, एकशे बावीस. आपल्याच हाताने, आणि तेही केवढ्या झपाट्याने, मी हे घर रिकामं करून ठेवलं होतं.

८ मार्च, रविवार

हे आंघोळीला गेलेत. अठरा मिनिटं लागतात (मीही मोजते हल्ली). तेवढ्यात लिहून टाकते, कारण हे कुणाला सांगितलेलं नाही.

मला जायचं नाही.

नातवंडं गोड आहेत. मोठी फोनवर मला तिची सगळी गुपितं सांगते, धाकटा नुसता श्वास घेतो, तोही ऐकावासा वाटतो. सून माझ्याशी चांगली वागते, निदान माझ्याइतकी तरी. तरीही जायचं नाही. असं म्हणणारी आजी कुठल्याही गोष्टीच्या पुस्तकात नसते, निदान शेवटच्या पानापर्यंत टिकत नाही.

कारण एवढंच: दोन ते चार.

जेवण आटोपलं, भांडी झाली की दुपारी दोनला मी गॅलरीत बसते. चारला उठते. मधल्या वेळात काय करते? काही नाही. विणत नाही, वाचत नाही, प्रार्थनाही करत नाही. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दंतवैद्य आहे. त्याच्याकडे जाणारे लोक जिन्याशी येतात, गालाला हात लावतात, वर बघतात. काही चढतात, काही वळून घरी जातात. ते बघते. बरेचदा तेही बघत नाही.

शाळेत आम्हाला प्रत्येक गोष्टीला घंटा होती. उठायची, दात घासायची, गायची, गप्प बसायची. फक्त जेवणानंतर वीस मिनिटं सिस्टरना खुर्चीतच डुलकी लागायची आणि घंटा वाजवायला कुणी नसायचं. आम्ही मुली पायऱ्यांवर बसून राहायचो. कुणी खेळायचं नाही, कारण आवाज झाला तर त्या जाग्या होतील. आयुष्यात पुढे जे जे सुख म्हणून मिळालं, ते मी त्या वीस मिनिटांशी ताडून बघत आले. मुलगा पोटात असतानाचे काही दिवस जवळपास पोचले होते.

हे घरी आल्यापासून मात्र दोन वाजले की मी कामात असल्याचं दाखवते. परवा घडी घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातले. काल दोनदा. ते पाहणीत धरले गेले आणि वेग एकशे पंचवीस आला.

नळ बंद झाला. पुरे.

१० मार्च, मंगळवार

वरच्या मजल्यावरची पॅकिंगवाली आली होती. ह्यांच्याच कारखान्यात पंखे खोक्यात भरायची, माझ्या आधी निवृत्त झाली असं ती सांगते. घरकामातून मी कधी निवृत्त झाले ते मात्र सांगत नाही. हे केस कापायला गेले होते, म्हणून तिला फ्रिजवरचा कागद दाखवला. तिने वाचला आणि खुर्चीच शोधली.

"अहो वहिनी, हे काय करून बसलात?"

"का? एकशे वीस चांगलं ना?"

"चांगलं? अहो, साहेब पुठ्ठा घेऊन आले की आमचं अख्खं खातं आजारी पडायचं. कुणाला खोकला, कुणाचं बोट कापलेलं. मी तर चिकटपट्टीचं टोकच शोधत बसायची. एकदा चार मिनिटं शोधलं."

"पण ते फसवणं झालं!"

"झालं की. म्हणून तर एकवीस वर्षं कंबर शाबूत राहिली. आम्हाला काय बक्षीस हवं होतं का? जोरात केलं की तोच दर रोजचा होतो. उद्या तुम्हाला ताप आला तरी एकशे वीस!" मग माझ्याकडे टक लावून म्हणाली, "कॉन्व्हेंटची मुलं अशीच. घड्याळ दिसलं की पळत सुटतात."

मी तिला बिस्किट दिलं. एकच दिलं.

जाताना दारात म्हणाली, "उद्यापासून हात जड करा. मी शिकवते." आणि माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने एक चमचा पुसून दाखवला. इतक्या वेळात मी स्वयंपाक केला असता. बघताना मात्र डोळ्याचं पारणं फिटलं.

११ मार्च, बुधवार

हात जड केले. चहाला अकरा मिनिटं लावली. गाळणं समोर असून शोधलं. पाय ओढत चालले. खोकलेही.

टिक्.

"वेग साठ," हे म्हणाले. "मुद्दाम."

"मुद्दाम कशाला करीन?"

"खोकणारा माणूस तोंडाकडे हात नेतो. तू माझ्याकडे बघून खोकलीस." पेन्सिल कानावर अडकवली. "पॅकिंग खात्याची पद्धत आहे ही. कोण आलं होतं?"

मी गाळणं धुवायला घेतलं. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायचं नव्हतं.

"अशा पाहणीचे आकडे धरत नाहीत," म्हणाले आणि कागद फाडला. म्हणजे चार तास दहा मिनिटं तशीच.

१३ मार्च, शुक्रवार

आज हे कारखान्यात गेले. जुन्या खात्याला भेटून येतो म्हणाले. दाढी केली, बूट घातले, पुठ्ठाही घेतला. तिकडे दिवस जाईल म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. दोन ते चार माझे!

पंचावन्न मिनिटांत परत. जायला-यायलाच चाळीस लागतात.

"काय हो, इतक्यात?"

"सगळे कामात होते."

नंतर कळलं की फाटकावरच्या पहारेकऱ्याने, जो ह्यांना वीस वर्षं सलाम ठोकायचा, त्याने नोंदवही पुढे केली. नाव, येण्याची वेळ, कुणाला भेटायचं, कारण. नाव लिहिलं, वेळ अगदी मिनिटासकट लिहिली. 'कारण' या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही म्हणे. मागे रांग होती.

"भेट म्हणून लिहायचं," मी म्हटलं. "एवढंही सुचू नये?"

"ते कारण होत नाही," म्हणाले.

मग दुपारभर बूट पुसत बसले. आधीच पुसलेले होते. ऊन लागलं असावं. मी लिंबाचं सरबत दिलं. माझे दोन ते चार त्यात गेले ते वेगळंच.

१६ मार्च, सोमवार

पकडले गेले.

आज सव्वादोनला घडी घालायला टॉवेलही उरले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला त्या टॉवेलांचा वीट आला होता. सरळ गॅलरीत जाऊन बसले. पाच मिनिटांत हे पुठ्ठा घेऊन दारात.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नेमकं काय?"

"काहीही नाही. मी रोज दोन ते चार इथे बसते आणि काही करत नाही. तुम्ही छत्तीस वर्षं कारखान्यात होतात म्हणून तुम्हाला माहीत नाही. लिहा! दोन तास, वेग शून्य."

वाटलं, आता भाषण होणार. ह्यांनी एक खुर्ची ओढली, बसले आणि टिक् केलं. दहा मिनिटं नुसते माझ्याकडे बघत होते. मोजण्यासारखं काही घडेना. शेवटी मलाच दया आली. म्हटलं, "तो तपकिरी टोपीवाला बघा. आता गालाला हात लावेल."

त्याने लावला. वर बघितलं. घुटमळला. वळला.

"छत्तीस सेकंद," हे म्हणाले. "कुठे चालला?"

"घरी. उद्या येईल. अक्कलदाढ आहे."

"तुला काय माहीत?"

"अक्कलदाढवाले कानाच्या खाली धरतात."

हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कारखान्याचं एखादं यंत्र हाताने उघडून दाखवलं असावं. चारपर्यंत बसले. माझे दोन तास पार वाया.

१७ मार्च, मंगळवार

पुन्हा आले. मंगळवारी हिरव्या पिशवीवाली येते, तिसऱ्या पायरीपर्यंत चढते आणि परत जाते. चार वर्षं. ह्यांना सांगितलं. "चार वर्षं?" म्हणाले. "तो दात आता स्वतःच पडला असेल." मी हसले. हसायचं नव्हतं, पण चुकून हसले.

आज मोत्याची कानातली घातली होती. डबीचं झाकण सैल झालंय, हरवली असती.

१९ मार्च, गुरुवार

ह्यांचा गॅलरीतला त्रास वाढतोच आहे. आज तर पावणेदोनलाच जाऊन बसले आणि मला हाक मारली, "अगं, ये लवकर, टोपीवाला आलाय!" भांडी अर्धी टाकून जावं लागलं. टोपीवाला चढला. वर जाऊन दार उघडलं. आम्ही दोघांनी मिळून श्वास सोडला.

स्टॉपवॉच खोलीतच विसरले होते. मी आठवण केली नाही; उगाच कशाला.

२३ मार्च, सोमवार

आज गॅलरीत बसल्या बसल्या ह्यांनी विचारलं, "तिकडे गॅलरी नाही ना?"

"आहे. कपडे वाळत घालायची. उभं राहता येतं."

"मग तू तिकडे दुपारी काय करशील?"

"तिकडे दुपार नसते. पोरं दीडला येतात."

थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मी?"

"तुम्ही पोरांना मोजा," मी म्हटलं. "दोघं आहेत. पटकन होईल."

हसले नाहीत. माझी सवयच वाईट, जिभेला लगाम नाही. मग आपणहून सांगायला लागले की त्यांच्या कामात एक नियम होता. माणूस म्हणजे यंत्र नाही. काम मोजून झालं की त्यावर थोडा वेळ वरून घालून द्यायचा: पाणी प्यायला, पाठ सरळ करायला, इकडेतिकडे बघायला. त्याला दमणुकीचा भत्ता म्हणतात. बसून काम करणाऱ्याला दहा टक्के. भट्टीसमोर उभा राहणाऱ्याला वीस.

"तुझ्या आकड्यांत मी तो घातलाच नव्हता," म्हणाले.

"का बरं?"

"घरातलं काम होतं ना. लक्षातच आलं नाही."

मी म्हटलं, "आता घातला तरी चाराचे पाच तास होतील. त्याने कुणाचं काय अडतंय!" आणि आत जाऊन कांदे चिरले. कांदे कडक होते, डोळ्यांतून बराच वेळ पाणी येत होतं. जेवणात कांदा नव्हताच, मग ते उद्यासाठी झाकून ठेवले.

२६ मार्च, गुरुवार

हे तीन दिवस पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत आहेत. मी जवळ गेले की उलटा करून ठेवतात. पॅकिंगवालीला सांगितलं. म्हणाली, "साहेब दर वाढवत असणार. सावध राहा."

मी माळ्यावरून बॅग काढून पुसून ठेवली आहे. जायचंच आहे तर धूळ तरी नको.

२९ मार्च, रविवार

आज सगळं नीट लिहिते.

मुलगा-सून अकराला आले. पोरांना सुनेच्या आईकडे ठेवून आले होते, "बोलणं नीट व्हावं म्हणून." चहा झाला. मुलाने टेबलावर हात आपटून सुरुवात केली, "हं, बाबा. चार तास दहा मिनिटं. तर घरमालकाला कधी सांगायचं?"

ह्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला, सरळ केला, म्हणाले, "अकरा तास चाळीस मिनिटं."

"काय?"

"पहिली पाहणी चुकीची होती. कामगार घाबरलेला होता. घाबरलेल्या कामगाराचे आकडे धरायचे नाहीत असा नियम आहे."

मी घाबरलेली? मी फीत मिळवत होते! पण तेवढ्यात मुलाने कागद ओढला आणि मोठ्याने वाचायला लागला. "'चष्मा शोधून देणे, दिवसातून सहा वेळा.' 'तीच गोष्ट पुन्हा ऐकणे, पंचेचाळीस मिनिटं.' 'काही न बोलता राहणे, मोजता आले नाही.' बाबा, हे काय आहे? 'दुपारी दोन ते चार, गॅलरी. देखरेख.'"

आणि इथे माझं डोकं फिरलं. काय हवं होतं मला? हे घर. समोर काय ठेवलं होतं? हे घर. पण माझ्याबद्दल खोटं लिहिलेलं दिसलं आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ती पोर वर्गात उभी राहावी तशी मी उभी राहिले.

"हे खरं नाही," मी म्हटलं. "दोन ते चार मी काही करत नाही. नुसती बसते."

मला माझी जीभ चावून गिळून टाकावीशी वाटली.

"ऐका बाबा," मुलगा म्हणाला. "आई स्वतःच सांगतेय. आणि देखरेख कसली? कुणाची?"

"माझी," हे म्हणाले.

"तुमची?"

"ती माझ्याजवळ बसते. ते काम आहे. रोज दोन तास. त्यावर दमणुकीचा भत्ता पन्नास टक्के."

"पन्नास? अहो, भट्टीवाल्याला वीस देता तुम्ही! लहानपणापासून ऐकतोय."

"भट्टी बंद करता येते," हे म्हणाले.

सुनेने नवऱ्याच्या हातातून कागद काढून घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला आणि मग माझ्याकडे वळली. "आई, तुम्हाला यायचंय का?"

या महिनाभरात हा प्रश्न कुणी मला विचारलाच नव्हता. मीसुद्धा. उत्तर तोंडाशी होतं, एका शब्दाचं. पण ते काही केल्या निघेना. शेवटी म्हटलं, "आकडे ह्यांच्याकडे आहेत."

"बरं," ती म्हणाली. मग नवऱ्याला, "शाळेजवळ ते पाळणाघर आहे, त्याचा फॉर्म मी आणून ठेवलाय. उद्या भरते."

"तू आधीच आणलास?"

"मी तुझे बाबा नाही, पण मलाही थोडं मोजता येतं."

मुलगा लालबुंद झाला. "म्हणजे बाबा, तुम्ही आकडे फिरवलेत. तुम्ही!"

ह्यांनी पेन्सिल पुठ्ठ्याच्या चिमट्यात अडकवली. "छत्तीस वर्षांत एकदाही फिरवले नाहीत," म्हणाले.

आज फिरवलेत की नाही, त्याबद्दल काही बोलले नाहीत. वय झालं. हल्ली बोलणं मध्येच सोडून देतात.

जाताना मुलगा मला म्हणाला, "आई, तू मला सरळ सांगायचंस." ते मात्र लागलं. खरंच सांगायला हवं होतं. सुट्टीत पोरांना इथे पाठव, महिनाभर ठेव, म्हटलं. "दुपारीसुद्धा?" सून म्हणाली आणि चक्क डोळा मारला. या पिढीला काही धरबंध नाही.

३० मार्च, सोमवार

शांतपणे बसून कागद तपासला. अकरा तास चाळीस मिनिटं लिहिलंय. मी तीनदा बेरीज केली. नऊ तास पंचावन्न होतात. भत्ते धरून.

पावणेदोन तासांची चूक! सेकंदसाहेब! या माणसाला कारखान्याने छत्तीस वर्षं कसं ठेवून घेतलं? पॅकिंगवालीला दाखवलं तर ती कागदाकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिली. "वहिनी, तुम्ही कमाल आहात," म्हणाली. "शाळेत गणितात पहिल्या होतात ना?"

"दुसरी," मी म्हटलं.

ह्यांनाही दाखवलं. चष्मा लावून (मीच शोधून दिला) बघितलं आणि म्हणाले, "हो की. चुकलंच."

"असं कसं चुकतं तुमचं?"

"यापुढे तू तपासत जा."

म्हणजे आणखी एक काम वाढलं.

३१ मार्च, मंगळवार

महिना संपला. घरमालक जिन्यात भेटले, म्हणाले, "काही सांगायचंय असं तुमचा मुलगा म्हणत होता." मी म्हटलं, "नळ गळतोय." तो खरंच गळतो.

दोनला गॅलरीत गेले तर हे आधीच तिथे, आणि बसलेत कुठे? माझ्या खुर्चीत. एकोणतीस वर्षं जी माझी खुर्ची, जिथून दंतवैद्याचा जिना पायरीन् पायरी दिसतो, तिच्यात पाय पसरून गाढ झोपलेले. उठवणार होते. मग म्हटलं जाऊ दे, बूट पुसून दमले असतील.

दुसऱ्या खुर्चीत बसले. या खुर्चीतून जिना दिसत नाही, रस्ता दिसत नाही. कठड्याचा खांब बरोबर मध्ये येतो. दिसतात ते फक्त हे. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, एका पायातला मोजा उलटा घातलेला. यात बघण्यासारखं काय आहे?

चारपर्यंत बघितलं. काही सापडलं नाही. उद्या पुन्हा बघते.